नऊ फुटी काठी, दहा कड्या

फ्लाय रॉड, म्हणजे खोटी माशी लावून मासे धरायची काठी, घरी बांधणारा अमेरिकन हौशी माणूस मुलीचं लग्न ठरवताना घालवणार नाही इतका वेळ तिच्यावरच्या दोरी ओवायच्या कड्या ठरवण्यात घालवतो. संख्येचा प्रश्न सोपा: फुटामागे एक, वर एक. पण जात कोणती? दोन पायांची ‘स्नेक गाइड’ कडी काठीला दोनदा दोऱ्याने बांधावी लागते. एकपायी एकदाच, शिवाय हलकी. टोकाचं वजन घटावं म्हणून टायटॅनियम घ्यायचं, आणि मुठीकडच्या पहिल्या कडीत बसवायचा अकीक! देखणा खरा, पण खडकावर आपटला की तडकतो. अर्ध्या ग्रॅमसाठी झुरणाऱ्या या गृहस्थाच्या पोटाचा घेर वेगळा विषय आहे. ट्राउट मासा बघतो ती माशी, कड्या नव्हे; आणि सापडलाच तर बहुधा परत पाण्यात सोडतात. साध्या क्रोम चढवलेल्या पोलादी कड्या घ्या आणि नदीवर चला.