कॅरी अढीला कशी घालावी

प्रायव्हेट इक्विटीत, म्हणजे दुसऱ्यांच्या पैशानं कंपन्या घेऊन विकण्याच्या धंद्यात, शिरू पाहणाऱ्या इच्छुकानं आधी पगाराचा विचार डोक्यातून काढून टाकावा. ब्लॅकस्टोन या त्यातल्या बड्या कंपनीचे प्रमुख स्टीफन श्वार्झमन यांचा वार्षिक पगार अवघा साडेतीन लाख डॉलर. २०२२ साली त्यांच्या हाती एकूण सुमारे १२७ कोटी डॉलर पडले, त्यातले शंभरेक कोटी तर नुसत्या लाभांशाचे. पगार म्हणजे पानात डावीकडे वाढलेलं मीठ. लागतं, पण त्यासाठी कोणी जेवायला येत नाही.

जेवायला येतात ते कॅरीसाठी. कॅरी म्हणजे फंडाच्या नफ्यातला व्यवस्थापकांचा वाटा. लोणच्याच्या कैरीशी तिचं नातं नाही, पण स्वभाव तोच. हाती येते तेव्हा ती कच्ची असते, अढीत घालून वाट पाहावी लागते, आणि पिकणार की सडणार हे बरीच वर्षं कळत नाही.

प्रवेशाची वेळ साधणं महत्त्वाचं. पूर्वी पोर पाळण्यात असताना सोयरीक ठरायची, तीच रीत न्यूयॉर्कात अजून टिकून आहे. बँकेतली पहिली नोकरी सुरू होते न होते तोच दोन वर्षांनंतरच्या प्रायव्हेट इक्विटीतल्या नोकरीच्या मुलाखती होतात. जून २०२५ मध्ये जेपी मॉर्गनचा संयम सुटला. रुजू होण्याआधी किंवा पहिल्या अठरा महिन्यांत दुसरीकडची नोकरी पत्करली तर घरी पाठवू, असं बँकेनं नव्या मुलांना कळवलं. त्यावर अपोलो या प्रायव्हेट इक्विटी कंपनीनं २०२७ ची भरती त्या वर्षापुरती थांबवली. तेव्हा सोयरीक जरूर करावी, पण साखरपुड्याचे फोटो टाकू नयेत.

आत गेल्यावर असोसिएट म्हणून बसवतात. न्यूयॉर्कच्या मोठ्या फंडांत मूळ वेतन साधारण दीड लाख डॉलर, आणि वर्षअखेरीस जवळपास तेवढाच बोनस. हा बोनस नफ्यातून येतो असा इच्छुकाचा समज असतो. तो तसाच राहू द्यावा. खरं तर तो येतो बहुतांशी व्यवस्थापन शुल्कातून. पेन्शन फंड, विद्यापीठं वगैरे मंडळी शंभर कोटी डॉलर दहा वर्षांच्या बोलीनं देतात, त्यावर सालाचे दोन टक्के, म्हणजे दोन कोटी, फंड चालवणाऱ्यांना मिळतात. कंपन्या बुडोत की तरोत. ऑफिसचं भाडं, पगार, विमानाची तिकिटं आणि असोसिएटचा बोनस असं सगळं त्यात भागतं.

आता दोन आकडे पाठ करावेत: आठ आणि वीस. गुंतवणूकदारांना सालाना आठ टक्के चक्रवाढीनं सुटले की मग नफ्याचे वीस टक्के व्यवस्थापकांचे. मराठी माणसाला हे आकडे ओळखीचे वाटतील. १९६५ च्या बोनस कायद्यानं, पुढच्या दुरुस्तीनंतर, कामगारालाही हेच दिले होते. किमान ८.३३ टक्के, म्हणजे बारा महिन्यांत तेराव्याचा पगार, आणि कमाल २० टक्के. फरक इतकाच, की कामगाराचे वीस टक्के त्याच्या स्वतःच्या वेतनावर, तेही कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेतल्या वेतनावर मोजायचे. इथले वीस टक्के सगळ्या नफ्यावर, आणि वर छत नाही.

आठाची अट, म्हणजे ‘हर्डल रेट’, पाळली गेली की ‘कॅच-अप’ सुरू होतो. आधी पाहुण्यांची पंगत उठते, मग यजमान बसतात. पण यजमानांच्या पानात पाहुण्यांनी खाल्लेले लाडूही हिशेबात धरून वाढतात, एकूण लाडवांतला त्यांचा पाचवा हिस्सा पुरा होईपर्यंत.

इथे वही-पेन्सिल घ्यावी. समजा शंभर कोटींचे सहा वर्षांत दोनशे कोटी झाले. परतावा सालाना बारा टक्क्यांच्या वर, नफा शंभर कोटी, कॅरी वीस कोटी. होतकरू व्हाइस प्रेसिडेंटला त्या कॅरीतला अर्धा टक्का लिहून मिळाला असेल, तर त्याचे दहा लाख डॉलर. आता तेच दोनशे कोटी व्हायला दहा वर्षं लागली असं धरा. परतावा येतो ७.२ टक्के. आठाच्या खाली. कॅरी शून्य. पैसे तेवढेच वाढले, कंपन्या त्याच, पण अढी उघडली तर आत नुसतं गवत. विकायची इतकी घाई कशासाठी, हे ज्यांना कळत नाही त्यांनी हे गणित परत करावं.

लिहून मिळालेला अर्धा टक्काही लगेच आपला होत नाही. तो वर्षावर्षानं थोडा थोडा नावावर चढतो. मधेच रागावून राजीनामा दिला तर उरलेला जातो, आणि प्रतिस्पर्ध्याकडे गेलात तर चढलेल्यालाही कात्री लागू शकते. काही फंडांत आधीच्या सौद्यांवर कॅरी वाटली जाते आणि पुढचे सौदे आपटतात. मग खाल्लेला आंबा परत मागण्याचं कलम असतं. त्याला क्लॉबॅक म्हणतात. कोय टाकून देऊ नये.

शिवाय फंडात स्वतःचेही पैसे घालावे लागतात. भारतात सेबीच्या २०१२ च्या नियमांनुसार बहुतेक फंडांच्या प्रायोजकानं किंवा व्यवस्थापकानं निधीच्या अडीच टक्के किंवा पाच कोटी रुपये, यांतली लहान रक्कम घालायची असते. ज्युनियर भागीदारांच्या वाट्याला आलेली रक्कम कित्येकदा बँकेच्या कर्जातून भरली जाते. दुसऱ्याच्या कर्जावर कंपन्या घेणाऱ्यांनी स्वतःही कर्ज काढावं, यात सुसंगती आहे.

करसल्लागार चांगला निवडावा. अमेरिकेत सौदा तीन वर्षांहून जास्त धरला तर कॅरीवर भांडवली नफ्याचा कर लागतो, वरचे अधिभार सोडून कमाल वीस टक्के. पगारावरचा कमाल दर सदतीस. आपल्याकडे २०२१ साली बेंगळुरूच्या न्यायाधिकरणानं कॅरी ही सेवेची फी ठरवून तिला सेवाकराच्या कक्षेत ओढलं. २०२४ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला, तेव्हा नरिमन पॉइंट ते बीकेसी अनेकांना शांत झोप लागली असणार.

कामगारांना काही द्यायचं का, हा प्रश्न भावनेच्या भरात कोणी विचारेलच. केकेआर या प्रायव्हेट इक्विटी कंपनीनं इलिनॉयमधली गॅरेजची दारं बनवणारी सीएचआय ही कंपनी २०२२ मध्ये तीन अब्ज डॉलरला विकली, तेव्हा तासावर राबणारे कामगार आणि ट्रकचालक यांना सरासरी पावणेदोन लाख डॉलर मिळाले. हे उदाहरण जवळ ठेवावं. प्रत्येक परिषदेत उपयोगी पडतं, कारण अशी दुसरी उदाहरणं शोधायला वेळ लागतो.

मुलाखत लोअर परळला असली, तर जरा लवकर पोचून आजूबाजूला हिंडावं. इंडियाबुल्सच्या ज्या टोलेजंग इमारतींत ब्लॅकस्टोननं २०१८ मध्ये निम्मा हिस्सा घेतला, त्या ज्युपिटर आणि एल्फिन्स्टन या गिरण्यांच्या जागेवर उभ्या आहेत. १९८१ च्या दिवाळीत बोनसवरून चिडलेले स्टँडर्ड मिलचे कामगार कामगारनेते दत्ता सामंतांच्या दारी गेले होते, आणि १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो याच गिरणगावात. वर गेल्यावर हर्डल रेट किती असं विचारतील. तेव्हा ‘आठ’ एवढंच म्हणावं. पॉइंट तेहतीस जोडू नये, ते जागेच्या आधीच्या लोकांचे.