पाट्यांवरचा संसार

कॅम्परवाले काका ओळखायला सोपे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये व्हॅनच्या मागे उकिडवं बसून, एक डोळा मिटून, टायर आणि मडगार्डच्या मध्ये किती बोटं जागा उरली आहे हे मोजणारा साठीचा गृहस्थ दिसला की समजावं. टॉर्च वॉचमनच्या हातात असतो. त्याला विचारलेलं नसतं.

गाडी बहुधा ट्रॅव्हलर. निम्म्या महाराष्ट्राने जिच्यात बसून अष्टविनायक केले, तीच. मर्सिडीजच्या टी-1 या जर्मन व्हॅनवर बेतलेली ही गाडी 1987 पासून आपल्या रस्त्यांवर आहे आणि वऱ्हाड, बॅगा, टपावरचं रुखवत असं सगळं घेऊन घाट चढायची तिला सवय आहे. पण वऱ्हाड कार्यालयाशी उतरतं आणि पाट्यांना, म्हणजे गाडीचा भार पेलणाऱ्या स्प्रिंगांना, तेवढाच आराम मिळतो. काकांनी गाडीचंच घर केलंय, त्यांचं सामान उतरतच नाही. गाडी महिनाभर उभी असली तरी मागचे पाटे रात्रंदिवस कामावर असतात, आणि एक दिवस त्यांची कमान जाऊन ते सरळ होतात. गॅरेजच्या भाषेत, पाटा बसतो.

सामान म्हणजे काय, तर 18 मिलिमीटरचा मरीन प्लाय. आठ बाय चारचा एक ताव साधारण 35 किलो भरतो. काकांनी पलंग, ओटा आणि कपाटं धरून सात ताव लावलेत, कारण ‘बारीक प्लाय वाजतो’. पाण्याची टाकी दीडशे लिटरची, म्हणजे भरली की दीडशे किलो. इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या, प्रत्येकी साठ किलोंच्या आसपास. लिथियमच्या याच्या निम्म्यानेही भरत नाहीत, पण या घरच्याच होत्या आणि चांगल्या चालू होत्या. वाद घालण्यात अर्थ नाही. प्रत्येक वस्तूमागे एक प्रसंग असतो आणि तो ऐकावा लागतो.

पाटा बसल्याची वर्दी काकांना समोरून येणारे ट्रकवाले देतात. शेपूट खाली गेल्यामुळे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडतात आणि डिप्पर मारूनही समोरच्याचं समाधान होत नाही. खड्ड्यात ॲक्सल रबरी स्टॉपवर ‘धाड्’ करून आदळतो, आणि मागे काकूंच्या बरण्या काय ते बोलतात.

मग अभ्यास सुरू होतो. काका मूळचे मेकॅनिकल. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच मनासारखा प्रश्न समोर आलेला. एक पाटा वाढवावा की सगळेच जाड घ्यावेत? पाट्यांची संख्या वाढवली तर ताठरपणा त्या प्रमाणात वाढतो. जाडी वाढवली तर घनाच्या पटीत. म्हणजे 8 मिलिमीटरचा पाटा 9 चा केला, तर ताठरपणा 42 टक्क्यांनी चढतो. हे गणित दूधवाल्यालाही सांगून झालंय. पॅराबोलिक घ्यावेत का, हाही विचार होतो. ते मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जातात, एकमेकांवर कमी घासतात, त्यामुळे गाडी मऊ चालते. हवेचे फुगे बसवून दाब कमीजास्त करायचा पर्यायही आहे. तो काकांना आवडतो, कारण त्यात डॅशबोर्डवर एक गेज येतो.

काकांच्या वहीत स्टीलची प्रत आहे, बुशचं माप आहे. गाडीचं वजन तेवढं नाही.

निगडीच्या ट्रान्सपोर्ट नगरातला पाटेवाला मिस्त्री गाडीखाली जातो, शॅकल हलवून बघतो, बाहेर येतो.

“काका, बुश पण गेलेत. पाटे ठोकून कमान काढून देऊ का? स्वस्तात होईल. पण टिकणार नाही. पुन्हा भट्टी लावून पाणी दिल्याशिवाय त्यात जीव येत नाही.”

“नाही, नवेच टाकू. दोन्ही बाजूंचे. हेल्पर पाटा वाढवून.”

“यू-बोल्ट पण नवेच घ्या, जुने ताणलेले असतात. आणि भरलेली गाडी काट्यावर नेली होती का?”

“अंदाज आहे मला.”

“अंदाजाने मी पाटा देत नाही.”

असा मिस्त्री भेटणं हे काकांचं भाग्य, पण त्यांना ते तेव्हा वाटत नाही. वजनकाट्यावर आधी पुढची चाकं, मग मागची, असं वेगवेगळं घेतल्यावर मागचा आकडा कंपनीच्या प्लेटवरच्या मर्यादेच्या वर निघतो. पाण्याची टाकी मागच्या ॲक्सलच्याही मागे बसवल्याचा हा प्रताप. दोन ॲक्सलांत 3 मीटर अंतर धरलं आणि 100 किलो मागच्या ॲक्सलपलीकडे एक मीटरवर ठेवले, तर मागे भार पडतो 133 किलोंचा. वरचे 33 पुढच्या चाकांवरून उचलले जातात. पाटे कितीही दणकट घातले तरी प्लेटवरचा आकडा बदलत नाही. टायर, बेअरिंग, ब्रेक जुन्याच हिशोबाचे राहतात. उलट ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा जोर ॲक्सल आणि चासी यांतल्या अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, तिथे मागची बाजू उंच झाली की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. व्हॉल्व्ह पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

शेवटी वजन उतरवायचा निर्णय होतो. काका सुरुवात काकूंच्या मसाल्याच्या डब्यापासून करतात. काकू हत्यारांच्या पेटीकडे बोट दाखवतात. पेटी दोघांना मिळून उचलत नाही. अर्ध्या तासाच्या चर्चेअंती टाकी पुढे सरकवायचं ठरतं, एक बॅटरी उतरते आणि डबा जागेवर राहतो.

पाटे चढतात, शेपूट वर येतं, हेडलाइट रस्त्यावर येतात. काका खरोखर खूश होतात आणि मिस्त्रीने न मागता वरचे दोनशे देतात. निघताना भंगारात चाललेला जुना सेट त्यांना दिसतो.

“हे इकडे द्या. लांबच्या रस्त्याला पाटा तुटला तर?”

मिस्त्रीचा पोऱ्या दोन्ही बाजूंचे पाटे एकेक करून आणतो. मागचं दार उघडून काका टाकीच्या रिकाम्या जागेत ते नीट रचून घेतात.