दोन काड्यांची परीक्षा

नव्वद टक्के मिळाले म्हणजे नेमकं काय येतं, हे नव्वद टक्केवाल्यालाही धड सांगता येत नाही. स्काऊटच्या बाहीवरच्या बॅजचं तसं नसतं. बोलाइन गाठीचा फास सरकत नाही, म्हणून अडकलेल्या माणसाला वर ओढताना ती त्याच्या अंगाभोवती बांधतात. ती चुकली तर 'रीत बरोबर होती' म्हणून दोन गुण मागायला दोरीच्या टोकाला कोणी उरत नाही. उघड्यावर दोनच काड्यांत लाकडं पेटवायची, ही स्काऊट चळवळीचे जनक बेडन-पॉवेल यांच्या काळापासूनची कसोटी आजही स्काऊटच्या 'द्वितीय सोपान' या टप्प्यात आहे. खाली वाळकी काटकी, वर जाड लाकूड आणि मधे हवेला वाट हे तोंडपाठ असतं, तरी पहिली काडी वाऱ्याला जाते. दुसरीच्या वेळी पोरगं श्वासही रोखून धरतं. चूल 'थोडक्यात उत्तरे लिहा' मानत नाही, त्यामुळे माझ्या मते आपल्या शिक्षणातला एवढा निःपक्षपाती परीक्षक दुसरा नाही.

यावर म्हणतात, पोरं कौशल्यासाठी नाही, बॅज मिरवायला शिकतात. मिरवू देत की! मोठी माणसं न शिकताही मिरवतात. दुसरा आक्षेप वजनदार आहे: पोरगं किती तरबेज झालं यापेक्षा त्यानं किती धडपड केली ते पाहून बॅज द्यावा, असं खुद्द बेडन-पॉवेल यांचं मत, मग दर्जा राहिला कुठे? पण ही सवलत पोराला आहे, चुलीला नाही. धांदरटाला दहा वेळा बसू द्यायचं. अकराव्यांदाही लाकूड पेटायलाच हवं. खरी गोची पालकांची आहे. स्काऊटच्या राज्य पुरस्काराला दहावीत सवलतीचे गुण असतात, हे कळलं की काही घरांना एकाएकी निसर्गाची ओढ लागते. आणि पोरांनी स्वतः स्टॉल लावून पैसे कमवायच्या 'खरी कमाई'च्या आदल्या रात्री भेळेची चिंच कोण कोळत बसतं, हे अख्ख्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. तरीही सुट्टे पैसे परत देणं, फुकट पुरी मागणाऱ्या वर्गमित्राला हाकलणं आणि उधारीवर खाणाऱ्या गुरुजींना न हाकलणं, हे पोरालाच करावं लागतं. फक्त हिशेबाच्या वहीत चिंच, गूळ, फरसाण येतं, आईची मजुरी येत नाही. तो रकाना आखायला लावला तर निम्मे स्टॉल तोट्यात निघतील, आणि निघावेतच.