वाळवंटातले गारठलेले काका

डोंबिवलीहून सकाळच्या फास्ट लोकलला चौथ्या सीटवर अर्धा टेकून, दुसऱ्याच्या बगलेत नाक खुपसून वर्षानुवर्षं प्रवास केलेल्या माणसाला कधी उकडलं नव्हतं. उकडत असेलही, पण त्याची बातमी होत नव्हती. तोच माणूस दुबईत नोकरीला गेला, डोंबिवलीहून कितीतरी जास्त तापणाऱ्या मुलखात रुळला, आणि आता मे महिन्यात लग्नाला डोंबिवलीला आला की हॉलच्या दारातच थबकतो. म्हणतो, "बाप रे! तुम्ही लोक राहता कसे?"

हे दुबईचे काका. बहुतेक मराठी घरांत एक तरी असतात. काही काका भाडं कमी म्हणून प्रत्यक्षात शारजात राहतात आणि रोज दोन्ही वेळा ट्रॅफिकमध्ये अडकतात, पण सांगताना दुबईच सांगतात. बदलापूरचा माणूस बाहेरगावी 'मुंबई' सांगतो, त्यातलंच ते.

काका पहिल्यांदा गेले तेव्हा ऑगस्ट होता. घरात युद्धपातळीवर तयारी झाली होती. पन्नास डिग्री असतं म्हणे! बॅगेत कोकमाच्या बाटल्या, सब्जा, वाळा, अर्धा डझन सुती बनियन. आजीने ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा घालून दिला. विमानतळाचं काचेचं दार सरकलं, वाफेने काकांचा चष्मा झटक्यात पांढरा झाला, आणि त्या आंधळ्या अवस्थेत ते टॅक्सीपर्यंत चाचपडत गेले. उन्हाळ्याशी त्यांची नीट म्हणावी अशी गाठ तेवढीच पडली. पुढच्या आठवड्यात त्यांचा पहिला फोन आला, तो शिंकेने सुरू झाला. काकांचं म्हणणं एवढंच होतं, की कुणी येणारं असेल तर त्याच्याबरोबर एक फुल हाताचा स्वेटर पाठवा.

तेव्हापासून काका गारठलेलेच आहेत. घरातून लिफ्ट, लिफ्टमधून तळघरातलं पार्किंग, तिथून गाडी, गाडीतून ऑफिसचं पार्किंग आणि पुन्हा लिफ्ट. सगळीकडे एसी. बसने जायचं ठरवलं तरी सुटका नाही, कारण दुबईत अनेक बसथांबेसुद्धा काचबंद आणि वातानुकूलित असतात. ऑफिसातलं तापमान कुण्या अदृश्य शक्तीच्या हातात असतं आणि ती शक्ती बहुधा सायबेरियातली असावी. काकांच्या खुर्चीवर शाल असते. काकू मॉलमध्ये जाताना पर्सआधी जॅकेट घेतात. हद्द म्हणजे वर्षभर लख्ख ऊन असलेल्या या देशात काकांच्या रक्तात ड जीवनसत्त्व कमी निघालं. मल्याळी डॉक्टरांनी सांगितलं, रोज थोडा वेळ उन्हात बसा. काकांनी खिडकीतून त्या उन्हाकडे पाहिलं आणि गोळ्या सुरू केल्या.

काका तापमान अंगाने नव्हे, गाडीच्या पडद्यावर मोजतात. सत्तेचाळीस दिसले की आधी फोटो. तो घराण्याच्या ग्रुपवर पडतो, खाली पुण्याची आत्या हात जोडते, आणि एसीचा झोत नाकावर घेत काका लिहितात, 'सवय झाली आता.' कुणी जास्त चौकशी केलीच तर ते ठेवणीतलं वाक्य काढतात, "आमच्याकडे कोरडं ऊन. घाम येत नाही." ज्या समुद्रकाठच्या शहरात ऑगस्टमध्ये दार उघडताच चष्म्यावर दव जमतं, त्या शहराबद्दल हे वाक्य म्हणायला एक तर धाडस लागतं किंवा इतक्या वर्षांत पाच मिनिटंही बाहेर उभं न राहिल्याचा निरागसपणा. काकांकडे दुसरी गोष्ट आहे.

बाहेर उभं राहणारी माणसं वेगळी. उघड्यावर काम करणाऱ्या मजुरांना 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन सक्तीची सुटी असते; ऊन किती खरं आहे हे तिथल्या सरकारला पक्कं ठाऊक आहे. काकांची बिर्याणी मात्र त्याच वेळात मोटरसायकलवरून येते. काका मनाने वाईट नाहीत. ते त्या पोराला गार पाण्याची बाटली देतात, वर पाच दिरहम देतात, दार लावतात आणि काकूंना सांगतात, "काय ऊन आहे गं!" त्याच्या अंगावरून आलेल्या झळीवरूनच त्यांना ते कळलेलं असतं.

एका बाबतीत मात्र उन्हाळा भिंतीतून आत शिरतो, तो म्हणजे पाणी. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात आणि गार पाण्याचा नळ सोडला की चहाचं आधण येतं. त्यावर तिथल्या लोकांनी शोधलेली युक्ती अशी, की जूनमध्ये गीझर बंद करायचा. बंद गीझर घरात, एसीत असतो, म्हणून त्यातलं पाणी निवतं. मग गरम पाण्याच्या नळातून गार पाणी घ्यायचं आणि गार नळाच्या वाटेला जायचं नाही. नव्या पाहुण्याला काका हे बाथरूमच्या दारात उभे राहून, हात उलटसुलट करत समजावतात. पाहुणा मान डोलावतो, आत जातो, आणि थोड्याच वेळात किंचाळतो. काकांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे समाधान दिसतं ते पगारवाढीलाही दिसत नाही.

मराठी मंडळी जमली की डोंबिवलीत पाण्याच्या वेळा विचारतात तसं तिथे 'चिलर'बद्दल विचारतात. काही इमारतींत गारव्याचं बिल वेगळं येतं, काहींत ते भाड्यात धरलेलं असतं. दुसऱ्या प्रकारच्या घराला 'चिलर फ्री' म्हणतात आणि असं घर मिळालेल्या माणसाकडे हापूसची बाग असलेल्याकडे पाहावं तसं पाहतात. काकांचं घर चिलर फ्री आहे. म्हणून तर ते गोधडीत झोपतात. फुकटचा गारवा बंद करणं त्यांच्या रक्तात नाही.

डिसेंबर आला की काका बाहेर येतात. बागेत शेगडी पेटवून मक्याची कणसं भाजतात, खाडीवर एका दिरहमात अब्रा नावाच्या होडीत बसून पलीकडे जातात आणि पलीकडे काम नसल्यामुळे परत येतात. रात्री पारा पंधरावर उतरला की डोक्यावर माकडटोपी चढते. ऑफिसातल्या अठरा डिग्रीत वर्ष काढलेल्या माणसाला ती कशाला लागते, हे विचारण्यात अर्थ नाही.

काकांचा खरा सुवर्णदिन 16 एप्रिल 2024. त्या दिवशी अमिरातीत नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा सगळ्यात मोठा पाऊस झाला, अल ऐनजवळ एका ठिकाणी तर चोवीस तासांच्या आत 254.8 मिलिमीटर. विमानतळावर पाणी, रस्त्यांवर तरंगत्या गाड्या. इमारतीत घबराट उडाली आणि काका पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून लॉबीत अवतरले. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पावसाचे पदवीधर! गाडी सुरू करू नका, लिफ्ट बंद ठेवा, फोन चार्ज करून घ्या, पिण्याचं पाणी पातेल्यात भरा. लेबनीज, फिलिपिनो, ब्रिटिश, सगळे ऐकत होते. मग काकांनी आवाज जरा खाली आणून सांताक्रूझचा आकडा सांगितला: 944. लॉबीत शांतता पसरली. त्यानंतर बरेच दिवस तळमजल्यावरचा ब्रिटिश गृहस्थ ढग दिसला की काकांचा सल्ला घेत असे.

त्या पावसानेच काकांचं मन बिघडलं; आता त्यांना दर वर्षी पाऊस बघायचा असतो. शाळांच्या सुट्ट्या जुलै-ऑगस्टमध्ये, तेव्हा विमानाची तिकिटं आभाळाला टेकतात, म्हणून काही वर्षी डोंबिवली रद्द होते. मग काका चौघांना गाडीत घालून ओमानमधल्या सलालाला निघतात. आपल्याकडे धो धो कोसळणाऱ्या मोसमी वाऱ्यांचं एक टोक तिथल्या डोंगरांना जेमतेम शिवतं आणि तेवढ्यावर ते डोंगर हिरवे होतात. रस्ता सुमारे बाराशे किलोमीटर, बराचसा सरळ, दोन्ही बाजूंना काहीही नाही. थुमरैत ओलांडून घाट उतरताना अचानक धुकं येतं आणि काचेवर भुरभुर पडते. काका गाडी बाजूला घेतात, एसी बंद करतात, काच खाली करतात. मुलं आतूनच ओरडतात, "बाबा, ओलं होतंय!" काकू म्हणतात, "अहो, आत या, सर्दी व्हायची." काका वायपरचा चार मिनिटांचा व्हिडिओ काढतात आणि 'पाऊस!!!' असं लिहून घराण्याच्या ग्रुपवर टाकतात.

खाली डोंबिवलीच्या भावाचं उत्तर येतं, "आमच्या सोसायटीत गुडघाभर पाणी आहे, गाड्या बंद आहेत. किती पाठवू?"