वंशज नुसता नको, थेट हवा

पुण्यतिथीच्या व्यासपीठावर निवेदकाचं नुसत्या वंशजांवर भागत नाही, त्याला 'थेट वंशज' लागतात. खरं तर हे पिवळं पितांबर झालं. वंशात जन्मला तो वंशज. आडवाटेने जन्मायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही. पण 'थेट'चं काम एकाला आत घेण्याचं नसतंच, बाकीच्यांना पहिल्या रांगेतून उठवण्याचं असतं.

हे विशेषण दिसतं तितकं गरीब नाही. ज्यांच्या पुण्यतिथीला हे चालतं, ते अकोले तालुक्यातल्या राजूरजवळच्या देवगावचे क्रांतिकारक राघोजी भांगरे २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. त्याच वर्षी साताऱ्याचे छत्रपती शहाजी वारले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने त्यांचा दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. पोटचा नाही, म्हणून वारस नाही! आपल्याकडे दत्तक हा पुत्रच. कोल्हापूरचे शाहू महाराज जन्माने कागलचे घाटगे, १८८४ साली दत्तक आलेले. 'थेट'ची फूटपट्टी घेऊन त्यांना मोजायला निघालात, तर कोल्हापुरात पाणीसुद्धा मिळणार नाही.

'दत्तकाचं सोडा हो, रक्ताचं बोला,' असं कोणी म्हणेल. बोलू. पिढीला पंचवीस वर्षं धरली तर १८४८ पासून सात पिढ्या होतात आणि सातव्या पायरीवर प्रत्येकाचे पूर्वज भरतात १२८. वंशावळीत त्यांतला एकच येतो, बापाच्या बापाचा बाप करत गाठलेला. उरलेले १२७ गुल, त्यांत ६४ तर बायकाच. 'वंश' म्हणजे मुळात बांबू, त्यामुळे पेरावर पेर चढवलेली ही वंशावळ नावाला शोभते खरी. पण बांबू एकटा उगवत नाही, जमिनीखालून त्याचं बेट पसरत असतं.

दुसरा आक्षेप रास्त आहे. जातपडताळणीला वंशावळ जोडावीच लागते, आणि आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय असलेल्या राजुरात हे पोरांनाही पाठ असेल. जोडा की! ती दाखल्याची गरज झाली, रक्ताची व्याख्या नव्हे. जमिनीसाठी तर 'वारस' हा वेगळा शब्द आहेच. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. अकोले तालुक्यातल्या आदिवासी घरांना मात्र तो कायदा लागू नाही. तिथे रूढी बघतात. म्हणजे जिच्या वंशज असण्याबद्दल सुईणीलाही कधी शंका आली नाही, त्या लेकीला वारस म्हणायचं की नाही, हे आधी भावकीला विचारायचं!