मोडी न शिकण्याचे चार राजमार्ग

माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मोडी कागदांचं बाड असतं आणि त्या बाडात पूर्वजांना मिळालेलं वतन दडलेलं असतं, याबद्दल घरातल्या वडीलधाऱ्यांची खात्री असते. ते वतन शोधायला आपण मोडीच्या वर्गात नाव घालतो. दुसऱ्या आठवड्यात कळतं, की लिपी अवघड आहे. घाबरू नये. दोष लिपीचा नाही, आपला तर नाहीच नाही. आपली ‘शिकण्याची शैली’ ओळखायची राहून गेली, एवढंच. खालील पायऱ्या नेमाने पाळल्यास एक अक्षरही न वाचता जन्मभर मोडीचा विद्यार्थी राहता येतं. प्रस्तुत लेखकाची चार वर्षं झाली.

पायरी १ : चाचणी द्यावी

न्यूझीलंडमध्ये शाळा-तपासनीस राहिलेल्या नील फ्लेमिंग यांनी १९८७ मध्ये एक प्रश्नावली केली. पाहून, ऐकून, वाचून-लिहून आणि करून, असे शिकण्याचे चार कल तीत सापडतात. ‘उद्या बघतो’ हा पाचवा आणि सर्वाधिक लोकप्रिय कल तीत नाही, ही तेवढी उणीव. निकाल पटला नाही तर दुसरी चाचणी द्यावी. २००४ साली ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी मोजदाद केली, तेव्हा शैली सांगणारी ७१ प्रारूपं निघाली. एवढ्या स्थळांत एक तरी जमतंच.

पायरी २ : शैलीप्रमाणे सामान आणावं

पाहून शिकणाऱ्यांनी मुळाक्षरांचा रंगीत तक्ता फ्रिजवर लावावा. तिसऱ्या दिवशी तो दिसेनासा होतो आणि दुधाचा हिशेब लिहायला कामी येतो.

ऐकून शिकणाऱ्यांनी इस्त्री करताना मोडीचे व्हिडिओ लावावेत. मोडी ऐकली की मराठीच ऐकू येते, हे सहा शर्टांनंतर लक्षात येईल.

वाचून शिकणाऱ्यांनी मोडीविषयी भरपूर वाचावं, अर्थात देवनागरीत. परंपरा तिचं श्रेय यादवांच्या हेमाडपंताला देते, शाळांत ती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शिकवत, छापायला जड गेली म्हणून मागे पडली, एवढं सांगता आलं की लग्नाच्या पंगतीत आपण मोडीतज्ज्ञ.

करून शिकणाऱ्यांनी बोरू आणावा. तो तिरपा तासावा, टोकाला बारीक चीर द्यावी, पुन्हा तासावा. बोरू संपतो. नवा आणावा.

पायरी ३ : काकूंपासून दूर बसावं

प्रत्येक वर्गात सत्तरीच्या एक काकू असतात. त्या धोकादायक. आधी त्या पानभर आडव्या रेघा आखतात, कारण मोडीत रेघ आधी आणि अक्षरं मागाहून तिला लटकतात. मग सरांनी दिलेल्या जुन्या पत्राच्या चार ओळी उतरवतात. हात उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची नाही, ऱ्हस्व-दीर्घाची चैन नाही. इथवर ठीक. पुढे काकू भलतंच करतात. वही मिटतात, दुसऱ्या पानावर त्याच ओळी आठवून लिहितात, मग वही उघडून स्वतःच्या चुकांवर लाल फुल्या मारतात. तोच उतारा चार दिवसांनी परत.

‘काकू, तुमची शैली कोणती हो?’ मी विचारलं.

‘शैली कसली? चुकतं, मग बसतं.’

पायरी ४ : उजळणी फक्त वाचून करावी

वही मिटू नये. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. तेव्हा आपण पाच मिनिटांच्या यशावर समाधान मानावं. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलंच, असं मन सांगतं. मनाचं ऐकावं. मन आपल्याच पक्षाचं असतं.

धोक्याची सूचना

२००८ मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी या शैलींचे पुरावे तपासले. माणसांना आवडीनिवडी असतात, हे त्यांनी मान्य केलं, पण ज्याच्या-त्याच्या शैलीप्रमाणे शिकवल्याने शिकणं वाढतं, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. पेटी कानाला शिकवावी लागते, मोडी डोळ्याला आणि हाताला. विषय आपली रीत बरोबर घेऊनच येतो, आपली आवड विचारत नाही. ही माहिती घरी कुणाला सांगू नये.

फलश्रुती

शेवटी ट्रंकेतला वरचा कागद मी काकूंपुढेच ठेवला. काकूंनी ‘मौजे’पासून बोट धरून वाचायला सुरुवात केली आणि शेवटच्या ओळीशी चष्मा काढला. वतन नव्हतं. आमच्या खापरपणजोबांनी दोन मण जोंधळे उसने घेतल्याची कबुली होती.

‘फेडले का?’

‘ते यात नाही. असलंच तर खालच्या कागदात असेल.’ काकूंनी तो कागद माझ्याकडे सरकवला. ‘तो तुम्ही वाचायचा.’

तूर्त मी रेघ आखली आहे.