रीसेल की नवं? दोह्यात बसून म्हातारपणाचं घर निवडण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहित्य: पाच मीटरची टेप एक, एक्सेल शीट एक, पुण्यात सोशिक नणंद एक, आणि अकरा वर्षं निर्णय न घेतलेला नवरा. दोह्याच्या नजमा भागातल्या आमच्या दोन खोल्यांत, नणंद सोडली तर, सगळं जागेवर आहे.

सुरुवात कारणापासून करावी. कतारमधला मुक्काम परमिटवर, परमिट नोकरीवर, नोकरी साहेबाच्या मर्जीवर. पर्ल बेटावर दोन लाख डॉलरच्या पुढचं घर घेतलं तर घराच्या जोरावरही राहता येतं म्हणे. हे वाक्य आमच्याकडे एकदाच उच्चारलं गेलं. दोघंही पोटभर हसलो आणि परत पुण्याकडे वळलो. पुण्यात 'अथश्री'पासून ज्येष्ठांच्या वसाहतींची वाट पडली, आता पर्याय इतके झालेत की ते बघता बघताच माणूस ज्येष्ठ होतो.

नवं घर हे शुक्रवारी, हॉटेलच्या हॉलमध्ये, समोसा खात पाहावं. प्रॉपर्टी प्रदर्शनातल्या चित्रात म्हातारा-म्हातारी बॅडमिंटन खेळत असतात. त्यांच्याकडे दुर्लक्ष करून महारेराचा नंबर विचारावा आणि तो साइटवर स्वतः टाकून पाहावा. करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांहून जास्त रक्कम कुणी मागू शकत नाही, हे यांना तोंडपाठ आहे. ते सेल्समनच्या पोराला इतक्या प्रेमानं सांगतात की तो बिचारा स्वतःच समोसा आणून देतो. अपूर्ण इमारतीत पाच टक्के जीएसटी, पूर्णत्वाचा दाखला आला की शून्य. बांधकामात मोठा दोष निघाला तर पाच वर्षं बिल्डर बांधील. इथवर नव्याचं पारडं जड. मग ताबा विचारावा. ताबा २०२९. यांचे गुडघे, डॉक्टरांच्या मते, २०२७.

रियाल १ डॉलरला ३.६४ असा कायमचा बांधलेला, त्यामुळे रुपया पडला की आमचं घर स्वस्त होतं. त्या दिवशी आमच्याकडे शिरा होतो आणि बातम्या लावत नाहीत. लाज वाटते.

आता रीसेल. इथे पद्धत वेगळी. रीसेल तयार असतं, त्यामुळे बघायला सुटीत स्वतः जावं लागतं. मालमत्ता कार्ड, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि लिफ्ट वीज गेल्यावर चालते का, हे सगळं पाहावं. सोसायटीला हस्तांतरणाचं शुल्क पंचवीस हजारांपलीकडे मागता येत नाही, 'देणगी' मागितली तर नम्रपणे ऐकू येत नसल्याचं दाखवावं. विकणारे वारस अमेरिकेत असतील तर कापायचा कर एक टक्क्यावर भागत नाही, हे सीए सांगेपर्यंत टोकन देऊ नये. वसाहतीत वयाची अट असते, ती राहणाऱ्याला आहे की मालकाला, हे लेखी घ्यावं, नाहीतर घर घ्याल आणि पंचावन्न होईपर्यंत दाराबाहेर उभे राहाल.

याखेरीज यांची स्वतःची परीक्षा आहे. बाथरूमच्या दाराला टेप लावतात. महारेराने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या प्रकल्पांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत दार ९०० मिलिमीटर आहे. मग कमोडवर, झाकण लावून, बसतात आणि दांडी न धरता उठतात. एजंट भिंतीकडे बघत राहतो. शेवटी बिछान्याजवळची लाल घंटी दाबून घड्याळ लावतात. बाणेरच्या एका वसाहतीत चार मिनिटं दहा सेकंदांनी एक पोरगा धावत आला, हातात बादली. त्याला वाटलं पाणी गळतंय.

पण त्याच फ्लॅटच्या बाल्कनीत तुळशीची कुंडी राहिली होती. माती ओली. शेजारच्या आजी रोज पाणी घालत होत्या. एजंट म्हणाला, "हँडओव्हरच्या आधी उचलतो, सर." यांनी शीटमध्ये 'बाल्कनी, पूर्व' असं लिहिलं आणि नंतर बराच वेळ पेन उघडंच ठेवलं. ज्येष्ठांच्या वसाहतीतलं घर बहुतेक वेळा का विकायला निघतं, हा प्रश्न कुठल्याच शीटमध्ये नसतो. नव्या घराला तो त्रास नाही. नव्या घराचा ताबा पुढं जातो, एवढंच. आणि ताबा पुढं जाईपर्यंत माणूस 'अजून कुठं, वेळ आहे' असं म्हणू शकतो. मला वाटतं, यांना नवं घर त्यासाठीच आवडतं.

नणंदेसाठी कुलमुखत्यारपत्र इथल्या दूतावासात साक्षांकित करून घ्यावं. भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागायला हवा, नाहीतर परत रांग. आम्ही दोनदा केलं. दोन्ही वेळा फोटो छान आले.

गेल्या गुरुवारी नणंदेचा फोन आला. तुळशीचा फ्लॅट गेला. घेणारे नाशिकचे, दोघंच. आजी कुंडी स्वतःकडे घेऊन गेल्या.

"भिंतीला ओल होतीच त्याच्या," हे म्हणाले. नव्हती. शीटमधली ती ओळ त्यांनी लाल केली, पुसली नाही. मग टेप घेऊन आमच्याच बाथरूमकडे गेले. आतून आवाज आला, "अगं, सातशे आहे हे!"

"आडवे होऊन जा," मी म्हटलं.